सुईपर्यंत चोख, बल्बनंतर मोघम : रक्तनमुन्यांच्या एका मार्गदर्शिकेचं वाचन



पेट झाली, गाईड मिळाले, आता तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसलाय. विषय मधुमेह, ॲनिमिया, थायरॉईड, पोषण यांपैकी काही असेल, तर 'साहित्य आणि पद्धती'मध्ये एक वाक्य हमखास येतं : रक्तनमुने जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घेण्यात आले. गाईड मान डोलावतात, समिती पान उलटते आणि विषय संपतो.

या वाक्यात ज्या मार्गदर्शिकेचं नाव घेतलेलं असतं, ती किती जणांनी वाचलेली असते? संघटनेने २०१० मध्ये रक्त काढण्याच्या उत्तम पद्धतींवर ती प्रसिद्ध केली. शंभरेक पानांची आहे, फुकट मिळते, भाषा सोपी आहे. आज आपण तिची समीक्षा करू. पुस्तक म्हणून ती चांगली आहे, पण संशोधनाची ढाल म्हणून तिचा वापर होतो तेव्हा ती तोकडी पडते, असं माझं मत आहे. ती कुठे तोकडी पडते हे कळलं, की आपल्या सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं हेही कळतं.

मार्गदर्शिका जिथे चोख आहे

आधी तिचं श्रेय तिला देऊ. रक्त काढणं हे दोन माणसांमधलं काम आहे आणि दोघांनाही त्यातून इजा होऊ शकते, ही जाणीव या पुस्तकात पानोपानी आहे. हात धुवा, हातमोजे घाला, सुईचा डबा हाताशी ठेवा, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नका. पट्टा टोचण्याच्या जागेपासून चार-पाच बोटं वर बांधा. कातडी ७० टक्के अल्कोहोलने ३० सेकंद पुसा आणि पुढे ३० सेकंद वाळू द्या. ही वाळण्याची ३० सेकंदं गर्दीच्या वेळी सगळ्यात आधी उडतात. अल्कोहोल ओलं असताना सुई गेली तर रुग्णाला चुरचुरतं, शिवाय तांबड्या पेशी फुटण्याचाही धोका असतो.

बल्ब कोणत्या क्रमाने भरायचे याचा तक्ता तर पाठच करावा असा आहे. कल्चरची बाटली आधी, मग फिकट निळ्या झाकणाचा सायट्रेटचा बल्ब, मग सीरमचे बल्ब, मग हेपरिन, मग जांभळ्या झाकणाचा ईडीटीए आणि शेवटी करड्या झाकणाचा फ्लोराईडचा. यामागचं कारण समजून घ्या, मग पाठांतर लागणार नाही. ईडीटीए म्हणून वापरतात ते पोटॅशियमचं क्षार असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. त्याचा अंश सीरमच्या बल्बमध्ये गेला तर पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घटतं आणि अल्कलाईन फॉस्फटेजही खाली येतं. रिपोर्टवर ही तिन्ही चिन्हं एकत्र दिसली तर किडनीबद्दल शंका घेण्याआधी बल्बबद्दल घ्यावी.

सिरिंजने रक्त काढून बल्बमध्ये भरतानाची सूचना मला फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडच्या शिबिरांत अजून सिरिंज आणि साधा बल्ब हीच जोडी चालते. मार्गदर्शिका म्हणते, रबरी झाकण असेल तर सुई आरपार घाला आणि दट्ट्या दाबू नका, बल्बमधल्या पोकळीलाच रक्त ओढू द्या. झाकण तसं नसेल तर अतिशय सावकाश सोडा. आणि सुई काढण्यासाठी तिला टोपण लावू नका.

इथे थांबून विचार करा. डीएमएलटीच्या वर्गात शिकवतात ते वेगळं असतं : सुई काढा आणि रक्त बल्बच्या भिंतीवरून अलगद सोडा. बारीक सुईतून जोराने रक्त दाबलं की तांबड्या पेशी फुटतात, पोटॅशियम आणि एलडीएच वाढतं, म्हणून हा सल्ला. नमुन्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. पण टोपण लावताना आणि सुई काढताना बोटाला टोचण्याची शक्यता असते, आणि त्या टोचण्यातून कावीळ किंवा एचआयव्ही होऊ शकतो. नमुना आणि रक्त घेणाऱ्याचा हात यांपैकी मार्गदर्शिकेने हात निवडला. ही निवड योग्यच आहे. पण ती निवड आहे, आणि तिची किंमत नमुन्याला थोडी मोजावी लागते, हे संशोधकाला माहीत असलं पाहिजे. पैसे असतील तर निर्वात बल्ब घ्या, म्हणजे ही ओढाताणच उरत नाही.

जिथे कुरकुर सुरू होते

दंडावरचा पट्टा किती वेळ ठेवायचा? मार्गदर्शिकेचा रोख असा, की दोन मिनिटं व्हायच्या आत तो सुटलाच पाहिजे. रुग्णाच्या सोयीसाठी हे ठीक आहे. पण प्रयोगशाळेची शिस्त एका मिनिटाची आहे. पट्टा जास्त वेळ राहिला की शिरेतलं पाणी बाहेरच्या ऊतींत जातं आणि आत रक्त दाटतं. प्रथिनं आणि प्रथिनांना चिकटून फिरणारं कॅल्शियम वाढलेलं दिसतं. एका रुग्णाच्या उपचारात हा फरक किरकोळ ठरेल. पण तुमच्या अभ्यासात एका गटाचं रक्त सराईत माणसाने अर्ध्या मिनिटात घेतलं आणि दुसऱ्या गटाचं नवख्याने पावणेदोन मिनिटांत, तर दोन्ही गटांतला कॅल्शियमचा 'फरक' पट्ट्याचा असू शकतो.

मुठीचंही तसंच. पुस्तकात मूठ वळायला सांगितलंय. आपल्याकडे "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा" चालतं. पट्टा बांधलेला असताना असं केलं तर स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं आणि ते लिटरला १ मिलिमोलपर्यंतही वाढू शकतं. नॉर्मलची सगळी रेघच साधारण ३.५ ते ५ आहे, म्हणजे ही वाढ केवढी मोठी, बघा.

या बारीकसारीक गोष्टी झाल्या. माझा मुख्य आक्षेप पुढच्या टप्प्याबद्दल आहे.

बल्ब भरल्यानंतर काय?

नमुन्याच्या दर्जावर कशाकशाचा परिणाम होतो याची एक यादी मार्गदर्शिकेत आहे. कर्मचाऱ्याचं ज्ञान, सुईची जाडी, टोचण्याची जागा, योग्य बल्ब, लेबल. त्याच यादीत 'वाहतुकीची परिस्थिती' हा एक मुद्दा येतो. तपशिलासाठी इतर प्रकाशनांकडे बोट दाखवून यादी संपते. वाहतुकीच्या प्रत्यक्ष सूचना आहेत, पण त्यांचा रोख गळतीवर आहे : न गळणारी पिशवी, फॉर्मसाठी बाहेरचा वेगळा कप्पा, बल्ब फुटू नयेत म्हणून स्टँड. रक्त रस्त्यात सांडू नये याची काळजी आहे. बल्बच्या आत रक्ताचं काय होतंय याची काळजी जवळपास नाही.

हे राजारामपुरीत बसून वाचताना जास्त जाणवतं. सकाळी साडेसातला इथल्या कुठल्याही गल्लीत चक्कर मारा. दवाखाने, लॅब, कलेक्शन सेंटर, बाकावर बसलेली उपाशीपोटी माणसं. इथे बाकापासून मशीनपर्यंतचं अंतर वीस पावलांचं असतं आणि मार्गदर्शिका पुरेशी असते. पण याच लॅबमध्ये गावोगावच्या सेंटरवरून बल्बही येतात, आणि काही तपासण्यांचे बल्ब इथून रात्री पुण्या-मुंबईला जातात. आणि तुमचा अभ्यास? तो बहुधा खेड्यात असतो आणि सेंट्रिफ्यूज शहरात.

एक उदाहरण करून पाहू. समजा, तुम्ही गगनबावड्याजवळच्या एका गावात मधुमेहाचं शिबिर घेतलं. अंतर सुमारे ५५ किलोमीटर. पहिलं रक्त साडेसातला, शेवटचं दहाला. आवराआवर करून साडेदहाला निघालात, सव्वाबाराला राजारामपुरीत पोचलात, पाऊण वाजता बल्ब सेंट्रिफ्यूजमध्ये गेले. म्हणजे पहिल्या माणसाचं रक्त सव्वापाच तास पेशींसकट बसलं, शेवटच्याचं पावणेतीन तास.

बल्बमधल्या पेशी जिवंत असतात. त्या साखर खातात. साध्या बल्बमध्ये, खोलीच्या तापमानाला, ग्लुकोज तासाला साधारण ५ ते ७ टक्के घटतं. कमीत कमी म्हणून ५ टक्केच धरू. दोघांचीही उपाशीपोटीची खरी साखर १२६ होती असं माना, म्हणजे बरोबर मधुमेहाच्या रेषेवर. मशीनवर शेवटच्या माणसाची येईल १०९ आणि पहिल्याची ९६. एकाला तुम्ही 'मधुमेहपूर्व' म्हणाल, दुसऱ्याला 'नॉर्मल'. प्रत्यक्षात दोघांनाही मधुमेहाच्या पुढच्या तपासणीला पाठवायला हवं होतं.

आता यातला संशोधनाचा धडा बघा. चूक सगळ्यांना सारखी झाली असती तर निदान तुलना तरी टिकली असती. पण साडेसातला रांगेत कोण उभं असतं? ज्यांना डेअरीला दूध घालून पुढे शेतावर किंवा कामावर जायचंय ते. दहाला कोण येतं? ज्यांना घाई नाही ते. म्हणजे नमुन्याचा वेळ आणि माणसाचा व्यवसाय एकमेकांत गुंतले. तुमच्या प्रबंधात निष्कर्ष येईल की कष्टकऱ्यांमध्ये साखर कमी आढळली. पी व्हॅल्यूही झकास येईल. कारण मात्र बल्बमध्ये असेल.

"पण आम्ही फ्लोराईडचा बल्ब वापरतो," असं कुणीतरी म्हणेलच. वापराच, पण तो काय करतो ते बघा. फ्लोराईड ग्लुकोज मोडण्याच्या साखळीतल्या खूप पुढच्या पायरीवरचं एनोलेज नावाचं एन्झाईम अडवतं. तोपर्यंतच्या पायऱ्या काही काळ चालू राहतात. म्हणून पहिला तास-दोन तास, कधी त्याहून जास्त, साखर घटतच राहते आणि मग थांबते. सायट्रेटचं आम्लधर्मी मिश्रण असलेले बल्ब पहिल्याच पायरीला लगाम घालतात, म्हणून ते लगेच परिणाम करतात. अमेरिकेतल्या मधुमेह निदानाच्या प्रयोगशाळा-शिफारशींनी २०११ मध्येच सांगितलंय : असा जलद परिणाम करणारा बल्ब वापरा, नाहीतर नमुना लगेच बर्फ-पाण्यात ठेवा आणि ३० मिनिटांत प्लाझ्मा वेगळा करा.

मग सगळंच बर्फात ठेवू? तेही नाही. थंडीत पेशींच्या भिंतीवरचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणजे ज्या डब्यात ग्लुकोज वाचतं, त्याच डब्यात न फिरवलेल्या रक्ताचं पोटॅशियम बिघडतं. बिलिरुबिनला उजेड चालत नाही. एचबीएवनसी मात्र ईडीटीएमध्ये, फ्रीजच्या तापमानाला, काही दिवस निवांत टिकतं. प्रत्येक घटकाचा स्वभाव वेगळा. 'नमुने शीतपेटीतून आणले' या वाक्याने म्हणूनच काहीच सिद्ध होत नाही.

पुण्याच्या अभ्यासाकडून शिकण्यासारखं

आपल्या जवळचं एक मोठं उदाहरण घेऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आणि ३० टक्के मातांमध्ये होमोसिस्टीन वाढलेलं आढळलं. मातांच्या या घटकांचा संबंध मुलांच्या सहाव्या वर्षीच्या इन्सुलिन-रोधाशी तपासला गेला. जगभर उद्धृत झालेलं काम आहे.

हा लेख वाचताना ३० टक्क्यांच्या आकड्याशी थांबा आणि कार्यपद्धतीच्या भागात जा. कारण होमोसिस्टीन हा घटक घड्याळाला फार हळवा. पेशींसकट ठेवलेल्या रक्तात, खोलीच्या तापमानाला, तांबड्या पेशी ते बाहेर सोडत राहतात आणि पातळी तासाला साधारण १० टक्क्यांनी वाढते. ८ असलेली व्यक्ती तीन तासांत १० च्या पुढे जाते, आणि 'वाढलेलं' म्हणायची रेघ त्या लेखात १० मायक्रोमोलचीच आहे. म्हणून होमोसिस्टीनवरचा कुठलाही लेख, पुण्याचा असो वा लंडनचा, हाती आला की पहिला प्रश्न हाच : रक्त बर्फावर ठेवलं का, आणि किती वेळात फिरवलं? बी-१२ त्या मानाने टिकाऊ असतं. एकाच बल्बमधले दोन घटक, एकाला घाई, दुसऱ्याला नाही. तुमच्या अभ्यासाचं वेळापत्रक नेहमी त्यातल्या घाईच्या घटकावरून ठरवायचं.

मग दोष कोणाचा?

न्याय करायचा तर मार्गदर्शिकेचा कमी. तिने स्वतःचं काम सांगितलंय : सुरक्षित रक्तसंकलन. नमुने टिकण्याबद्दल संघटनेचाच २००२ चा वेगळा दस्तऐवज आहे. त्यात कोणतं रक्तगोठणरोधक कशासाठी आणि कोणता घटक किती काळ टिकतो, याचे तक्ते आहेत. २०१० च्या मार्गदर्शिकेचा हवाला देणाऱ्यांनी तो शेजारी ठेवायलाच हवा. त्यालाही एक मर्यादा आहे. त्यातलं 'खोलीचं तापमान' म्हणजे २० ते २५ अंश सेल्सिअस. एप्रिलमधल्या दुपारी जीपच्या डिकीत तेवढं तापमान मिळणार नाही. आणि पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला होता. तेव्हा दीड तासाचा प्रवास किती तासांचा होईल हे कुठल्याच तक्त्यात नसतं.

जास्त दोष त्या एका वाक्यात सगळं उरकणाऱ्या सवयीचा आहे. इटलीतल्या प्लेबानी आणि कॅरारो यांनी १९९७ मध्ये एका तातडीच्या प्रयोगशाळेतल्या चुका मोजल्या. ६८ टक्के चुका नमुना मशीनवर जाण्याआधीच्या निघाल्या. दहा वर्षांनी त्यांनी पुन्हा मोजल्या, तेव्हाही हे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास होतं. आणि आपण प्रबंधात मशीनचं मॉडेल, किटची कंपनी, बॅच नंबर लिहितो. नमुना मशीनपर्यंत कसा आला त्यासाठी एक ओळ.

सिनॉप्सिसमध्ये काय लिहाल

एक नमुनेदार वाक्य मीच रचतो : 'उपाशीपोटी रक्त घेऊन ३००० आरपीएमला १० मिनिटं फिरवलं व सीरम उणे २० अंशांवर साठवलं.' यात काय काय नाही ते बघा.

उपाशी म्हणजे किती तास? सकाळचा चहा धरून की सोडून? हे सहभागी व्यक्तीला विचारलं, की गृहीत धरलं? आपल्याकडे "उपाशी आहे, फक्त चहा घेतलाय" हे उत्तर नेहमीचं आहे.

३००० आरपीएम कुठल्या रोटरवर? फेऱ्यांना एकट्याने अर्थ नसतो. रोटरची त्रिज्या १० सेंटीमीटर असेल तर ३००० फेऱ्यांना गुरुत्वाच्या सुमारे १००० पट बल मिळतं, १५ सेंटीमीटर असेल तर सुमारे १५०० पट. म्हणून 'जी' मध्ये लिहा, म्हणजे दुसऱ्या लॅबला तेच करता येईल.

सीरमसाठी रक्त गोठायला किती वेळ दिला? साधारण अर्धा तास हवा. त्याआधी फिरवलं तर सीरममध्ये फायब्रिनचे धागे येतात आणि मशीनची नळी तुंबते. दोन तासांच्या आत सीरम पेशींपासून वेगळं केलं का?

उणे २० वर किती महिने ठेवलं, किती वेळा वितळवलं? एका नमुन्याचे सुरुवातीलाच छोटे भाग करून ठेवले का? लाईट गेली तर फ्रीझरचं तापमान कोण नोंदवतं?

हे सगळं लिहिण्यासाठी तयार चौकटी आहेत. नमुन्यांबद्दल लेखात काय सांगावं याची ब्रिस्क ही यादी २०११ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी आलेली स्प्रेक ही पद्धत नमुन्याचा प्रकार, बल्ब, फिरवण्याआधीचा वेळ, फिरवणं, साठवण हे सगळं सात भागांच्या एका संकेतात बसवते. दोन्ही शोधून वाचा.

खर्चाचं म्हणाल, तर तीन गोष्टी अगदी स्वस्तात होतात. पहिली : प्रत्येक बल्बमागे तीन वेळा लिहिण्याचे तीन रकाने ठेवा. रक्त काढल्याची वेळ, फिरवल्याची वेळ, गोठवल्याची वेळ. 'सकाळी' असं नाही, तास आणि मिनिटं. मग विश्लेषण करताना तो वेळ गणितात घेता येतो. रकानाच नसेल तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर तो शोधून देणार नाही. दुसरी : छोटं सेंट्रिफ्यूज गावातच न्या. शाळेतला किंवा ग्रामपंचायतीतला एक प्लग पुरतो. तिसरी : मुख्य अभ्यासाआधी, नैतिकता समितीच्या परवानगीने, दहा स्वयंसेवकांचे चार-चार बल्ब घ्या. ते तुमच्याच डब्यात, तुमच्याच रस्त्याने फिरवून आणा आणि लगेच, एक, दोन, चार तासांनी वेगळे करून तपासा. तुमच्या अभ्यासापुरता टिकण्याचा तक्ता तयार होईल. तोंडी परीक्षेत कुणी विचारलं तर हातात कागद असेल.

शेवटी ज्याच्या रक्ताबद्दल हे सगळं चाललंय त्या माणसाकडे येऊ. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांवर स्वतंत्र भाग आहे, तो संमतीपत्र लिहिण्याआधी वाचाच. शिबिरात आलेल्या मावशींनी काम सोडून, चहा न घेता, हात पुढे केलेला असतो. त्यांना तुम्ही रिपोर्ट देणार असता. त्या ९६ वर विश्वास ठेवून त्या दोन-तीन वर्षं पुन्हा तपासायला येणार नाहीत. प्रबंध सुधारून पुन्हा सादर करता येतो. ती दोन-तीन वर्षं मात्र त्यांना परत मिळत नाहीत.

तर आजचा गृहपाठ. तुमच्या विषयातले तीन प्रसिद्ध लेख काढा आणि प्रत्येकात रक्त काढल्यापासून फिरवेपर्यंतचा वेळ शोधा. सापडला तर बाजूला मिनिटं लिहा, नाही सापडला तर तसं लिहा. मग स्वतःच्या सिनॉप्सिसमधलं ते एक वाक्य खोडा आणि त्या जागी पूर्ण परिच्छेद लिहा. मार्गदर्शिकेचा हवाला राहू द्या, पण तो सुईपुरता. पुढच्या लेखात त्याच तीन वेळांच्या रकान्यांतून आलेला विदा विश्लेषणात कसा वापरायचा ते बघू.